साडेपंधरा किलोचा दाब

कॅप्टन लालासाहेबांनी माझ्या आईला चोर म्हटलं ते रविवारी सकाळी, पाचगणीतल्या त्यांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात, चार पाहुण्यांच्या देखत. आणि म्हणून झाल्यावर ते वर्तमानपत्र उघडून वाचत बसले. चोर म्हटलं याचा राग मला आलाच, पण आईनं सांगितलेलं ते वर्तमानपत्र मी अजून विसरलेली नाही. माणसाला चोर म्हणायचं आणि पुढच्या मिनिटाला हवामानाचा अंदाज वाचायचा!

माझी आई भामाबाई. आम्ही रहिमतपूरचे. वडील गेले तेव्हा मी सातवीत होते. मला मावशीकडं ठेवून आई पाचगणीला कॅप्टनसाहेबांच्या घरी स्वयंपाकाला राहिली आणि अकरा वर्षं त्याच घरात राहिली. कॅप्टन व्यापारी जहाजावरून निवृत्त झालेले, पत्नी प्रमिलाबाई स्वभावानं मऊ, मुलं परदेशात. आईनं त्या घरात पुरणपोळीपासून बिनअंड्याच्या केकपर्यंत सगळं केलं. तिला एकदा दाखवलं की पुरायचं, दुसऱ्यांदा सांगावं लागायचं नाही.

मी सांगलीला आयटीआय केलं. ट्रेड इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, वर्गात मुलगी मी एकटी. पुढं धन्यकुमार अण्णांच्या वर्कशॉपमध्ये लागले. अण्णांचं सगळं काम दाबाचं. द्राक्षबागांवर औषध मारायचे पंप दुरुस्तीला यायचे, साखर कारखान्यांच्या बॉयलरचे गेज तपासायला यायचे. गेज तपासायचं टेबल माझं. तेलावर वजनं ठेवत ठरलेला दाब द्यायचा आणि काटा खरं दाखवतो की खोटं ते बघायचं. आमच्याकडं दाब किलोत बोलतात. दहा किलो, वीस किलो. पुस्तकात बार लिहिलेलं असतं, पण कामापुरतं दोन्ही एकच.

सत्त्याण्णवच्या दिवाळीत कॅप्टनसाहेबांचा जहाजावरचा जुना सोबती इटलीहून एक कॉफीचं यंत्र घेऊन आला. मिक्सरपेक्षा थोडं मोठं, चकचकीत. मागं पाण्याची टाकी, पुढं एक दांडीची वाटी. वाटीत कॉफीची पूड दाबून भरायची, वाटी यंत्राला अडकवायची, बटण दाबायचं. आतला पंप गरम पाणी जोरानं त्या पुडीतून ढकलतो आणि खाली कपात दोन घोट दाट कॉफी उतरते, वर मधासारख्या रंगाचा फेस. सोबत कॉफीच्या पुडीचे सहा बंद डबेही आले होते.

यंत्र चालवायचं काम अर्थातच आईकडं आलं. पहिले दोन महिने कॅप्टन खूश होते. दर रविवारी चार पाहुणे बोलवायचे आणि सांगायचे, "भामाबाईंच्या हातची कॉफी घ्या, अशी मुंबईत मिळायची नाही." पाहुण्यांत मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर राजमती मॅडम असायच्या, स्ट्रॉबेरीचे मळेवाले भाऊसो असायचे, आणि एक डॉक्टर नवराबायको.

जानेवारीत कॉफी बिघडली. पातळ उतरायला लागली, कडू जहर. फेस पांढरट, लगेच विरायचा. कॅप्टननी आधी दुधाला दोष दिला, मग पाण्याला, मग आईच्या हाताला. "पूड नीट दाबत नाही तुम्ही." आईनं जास्त दाबली. "आता फार दाबली." तिनं कमी दाबली. पंधरा दिवस हे चाललं. आणि मग तो रविवार आला. कॅप्टननी एक घोट घेतला, तो शेजारच्या कुंडीत थुंकला आणि विचारलं,

"डब्यातली कॉफी कुठं गेली?"

"डब्यातच हाय की सायेब," आई म्हणाली.

"ही ती कॉफी नाही. यात चिकोरीची भेसळ आहे. चांगली तू घरी पोचवलीस आणि बाजारातली यात भरलीस. तुम्ही लोक हात मारल्याशिवाय राहतच नाही."

अकरा वर्षं तिला 'तुम्ही' म्हणणारा माणूस त्या एका वाक्यात 'तू'वर आला, आणि लगेच पुढच्या वाक्यात 'तुम्ही लोक'वर गेला. 'तुम्ही लोक' म्हणजे कोण, हे तिथं कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. माझ्या आजोबांनी छप्पन्न साली धर्म बदलला, त्याला चाळीस वर्षं उलटली होती. कॅप्टनच्या डोक्यातली यादी मात्र जुनीच होती.

चार पाहुण्यांपैकी कुणी तोंड उघडलं नाही. आईनं कप उचलले, धुऊन पालथे घातले, एप्रन घडी करून ओट्यावर ठेवला आणि आपली पत्र्याची पेटी घेऊन एसटी स्टँड गाठला.

ती रहिमतपूरला गेली नाही. सरळ सांगलीला, माझ्या खोलीवर आली. मी दार उघडलं तर पेटी हातात तशीच.

"गावात काय सांगू?" ती म्हणाली. "मदीच कामावरनं का आलीस म्हनून दहा जण इचारतील."

तिनं मला सगळं सांगितलं ते एखाद्या दुसऱ्याच बाईची गोष्ट सांगावी तसं. मधे थांबली नाही, रडली नाही. मीच रडले, रागानं. मला त्याच क्षणी पाचगणीला जाऊन त्यांच्या दारात उभं राहायचं होतं.

"जाऊन काय करनार? भांडनार?" आई म्हणाली. "भांडलीस तर म्हनतील, बघा, ह्यांची जातच भांडखोर."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून आणखी चीड आली. आपल्याला ओरडायचीसुद्धा सोय नाही.

मी तोंडावर पाणी मारलं आणि तिच्यासमोर बसले. म्हटलं, बिघाड काय होता ते तरी नीट सांग. मी तिला विचारत गेले, दुरुस्तीला आलेल्या पंपाच्या मालकाला विचारतात तसं.

"पहिल्यांदा कप भरायला किती वेळ लागायचा?"

"मी अंक मोजायची. तीस म्हनस्तवर भरायचा."

"आणि बिघडल्यावर?"

"बारालाच भरतुया. भसाभसा."

"वाटीतला चोथा कसा निघायचा?"

"आदी वडीगत निघायचा, सपाट. आता मदी भोक पडतंय. उंदरानं बीळ पाडावं तसं."

"आवाज?"

तिनं थोडा विचार केला. "पंप जास्त घरघरतुया. आन आजून एक. आदी कॉफी उतरताना मागं टाकीत पान्याची बारीक धार वाजायची. आता वाजत न्हाई."

मी उठूनच उभी राहिले. द्राक्षबागेच्या पंपालाही अशीच एक सोय असते. दाब ठरलेल्या हद्दीबाहेर गेला की एक व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा पाणी परत टाकीत जातं. त्याच्या मागं स्प्रिंग असते आणि स्प्रिंगवर स्क्रू. स्क्रू जास्त आवळला की व्हॉल्व्ह उघडत नाही आणि सगळा दाब पुढं जातो. इथं तो दाब पुडीवर जात असणार. पूड एवढा मारा सोसत नाही. ती एका जागी फुटते, पाणी त्या भोकातून पळतं, बाकीची पूड कोरडी राहते. मग कॉफी पातळ उतरणार, कडूही होणार. आईनं पूड कशीही दाबली असती तरी काही फरक पडला नसता.

माझ्या आईनं कुठलंही पुस्तक न वाचता, नुसत्या कानानं, बिघाड बरोबर पकडला होता. आणि त्या घरात तिला कुणी एकदाही विचारलं नव्हतं, की भामाबाई, तुम्हाला काय वाटतं?

दुसऱ्या दिवशी मी तिला वर्कशॉपवर घेऊन गेले. अण्णांनी स्टुल पुसून तिला बसायला दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. अण्णा शांत माणूस, किडामुंगीला जपणारा. पण ऐकता ऐकता त्यांच्या मानेची शीर उडायला लागली.

"भामाबाई, तुमी कॉफी पिता?"

"न्हाई अण्णा. मला कडू लागती."

"घरात कुणी पितं?"

"मावशी चहाची. ही पन चहाची."

"मग चोरून काय करायची तिचं? कपाळाला लावायची?" अण्णांनी हातातला पाना टेबलावर आपटला. मी त्यांना चार वर्षांत हत्यार आपटताना पाहिलं नव्हतं.

त्यांनी मला पंचवीस किलोपर्यंतचा एक गेज काढून दिला. दांडीच्या वाटीला खाली जी तोटी असते ती फिरवून निघते, असं आईनं सांगितलं होतं. त्या आट्यावर गेज बसवला, की पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. पंप चालू केला की आतला दाब काट्यावर दिसणार. आट्याचं माप मला माहीत नव्हतं, म्हणून मी तीन मापांची पितळी जोडणी आणि गळती रोखायच्या टेपचं रीळ पिशवीत घातलं. गेज मी तपासायच्या टेबलावर चढवला. दहाला दहा, पंधराला पंधरा. अण्णांनी लेटरहेडवर त्याचा दाखला लिहिला, सही केली, शिक्का मारला.

"दाखला कशाला अण्णा?"

"तुझ्या शब्दावर त्यो मानूस विश्वास ठेवनार न्हाई. माझ्या शिक्क्यावर ठेवंल." त्यांनी दाखल्याची घडी घातली. "हे बरोबर न्हाई गं. पर घेऊन जा."

रविवारी पहाटेच्या गाडीनं आम्ही निघालो. आई यायला तयार नव्हती. मी म्हटलं, तू नाही आलीस तर तुझ्या जागी कुणाला तरी ती कॉफी करावी लागेल, आणि ती बिघडली तर परत तुझ्यावरच येईल. मग आली. पसरणी घाट चढून गाडी वर गेली तेव्हा तिनं पदर डोक्यावरून घेतला आणि म्हणाली, "तू वरडू नगंस. तुझं काम कर फकस्त."

व्हरांडा रिकामा होता. आई गेल्यावर कॉफी बंद झाली होती आणि रविवारची बैठकही. दार प्रमिलाबाईंनी उघडलं. आईला बघून त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. आतून कॅप्टनसाहेब आले. त्यांची नजर आधी आईकडं गेली, मग माझ्याकडं आणि माझ्या हत्यारांच्या पिशवीकडं.

"काय आहे?"

"मी माया. भामाबाईंची मुलगी. तुमच्या यंत्राचा दाब तपासायला आले आहे."

"कोणी बोलावलं?"

"कुणी नाही. यंत्र बिघडलं आहे आणि चोरीचा आळ माझ्या आईवर आला आहे. मला यंत्र बघायचं आहे."

ते हसले. ते हसू मी अजून विसरलेली नाही. "अगं, ते इटालियन मशीन आहे. शिलाई मशीन नव्हे. तू उघडणार?"

"बॉयलरचे गेज मीच उघडते," मी म्हटलं आणि अण्णांचा दाखला त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला, उलटा करून मागची बाजूही बघितली. मग म्हणाले, "धन्यकुमार... म्हणजे मोठं वर्कशॉप दिसतंय." अण्णांचं म्हणणं खरं ठरलं याचा मला आनंद झाला नाही.

"बघू द्या की तिला," प्रमिलाबाई म्हणाल्या. "असंही ते बंदच पडून आहे."

स्वयंपाकघरात यंत्र ओट्यावर होतं. शेजारी कॉफीचा तोच डबा, त्यात चमचा तसाच. मी वाटीची तोटी काढली. आटे मधल्या जोडणीचे निघाले. टेप गुंडाळून गेज बसवला, टाकीत पाणी भरलं, वाटी अडकवली.

"साहेब, काट्याकडं तुम्हीच बघा," मी म्हटलं. "मी वाचलं तर म्हणाल, मुलीनं आईच्या बाजूनं वाचलं."

ते वाकले. मी बटण दाबलं. पंप घरघरला. काटा पाचवर गेला, नऊवर गेला, बारा ओलांडले, पंधरा ओलांडले आणि तिथं थरथरत राहिला.

"किती?"

"साडेपंधरा," कॅप्टन म्हणाले.

"तुमच्या यंत्राचं पुस्तक आहे?"

प्रमिलाबाईंनी खणातून पुस्तक काढून दिलं. इंग्रजी पानावर स्पष्ट लिहिलं होतं, कॉफी उतरताना नऊ बार. तोंड बंद करून मोजलं तर दहा दाखवायला हवं, कारण कॉफी वाहायला लागली की दाब थोडा उतरतो. साडेपंधरा कुठं आणि दहा कुठं!

"खोक्यावर पंधरा बार लिहिलं आहे," कॅप्टन म्हणाले.

"ते पंपाची ताकद सांगतात साहेब. ताकद आहे म्हणून सगळी वापरायची नसते. त्यासाठीच आत व्हॉल्व्ह दिलेला आहे."

मी प्लग काढला, यंत्र थंड होऊ दिलं आणि वरचं झाकण खोललं. पंपाच्या शेजारी पितळी व्हॉल्व्ह होता, त्यातून एक पारदर्शक नळी टाकीकडं जात होती. स्क्रूच्या तोंडाशी कंपनीनं लाल रंगाचा थेंब लावला होता. हा थेंब मुद्दाम लावतात. कुणी हात लावला की तो फुटतो. तो फुटला होता. स्क्रूच्या खाचेवर दोन ताजे ओरखडे होते, पितळ सोन्यासारखं चमकत होतं.

"हे कुणीतरी आवळलं आहे," मी म्हटलं. "आपोआप होत नाही. कुणी उघडलं होतं यंत्र?"

 आईनं हात वर करून दाखवले, जणू तिच्यावर अजून एक आळ यायचा होता. ते उचललेले दोन हात बघून माझा ताबा सुटत आला होता.

"अहो," प्रमिलाबाई एकदम म्हणाल्या, "नाताळच्या आठवड्यात तुम्हीच नव्हतं का उघडलं? मीच टॉर्च धरला होता."

कॅप्टन त्यांच्याकडं असे बघत राहिले, जणू भिंतीवरचं घड्याळच बोलायला लागलंय.

"तुम्ही म्हणालात, मशीन पंधराचं आहे, मग कंपनीनं कमी का दिलं, आपण पूर्ण घेऊ," त्या म्हणाल्या. आणि त्या थांबल्या नाहीत. "तुमच्या चाकूनं फिरवला तुम्ही. भामाबाई तेव्हा बाजारात गेल्या होत्या."

म्हणजे यांनी स्वतः स्क्रू आवळला, स्वतः कॉफी बिघडवली, विसरले, आणि मग माझ्या आईला चोर म्हणाले! आणि ज्या बाईनं टॉर्च धरला होता ती महिनाभर गप्प बसली. प्रमिलाबाईंचाही मला तेव्हा रागच आला. आज विचार करते तेव्हा वाटतं, त्या घरात गप्प बसायची सवय एकट्या आईलाच नव्हती.

 माझं काम करायचं होतं. स्क्रू पकडून ठेवणारा लॉकनट सैल केला, स्क्रू पाव फेरा मागं घेतला. प्लग लावला, बटण दाबलं. तेरा. परत प्लग काढून पाव फेरा. साडेअकरा. मग थोडं थोडं, नखाएवढं. दहाला काटा येऊन उभा राहिला आणि त्याच वेळी मागच्या टाकीत बारीक धार वाजायला लागली. आईनं मान हलवली. "ह्यीच ती," ती म्हणाली.

लॉकनट घट्ट केला, पिशवीतल्या बाटलीतून पिवळ्या रंगाचा एक थेंब लावला, झाकण बसवलं, वाटीची तोटी जागेवर घातली.

"आई, कॉफी कर. याच डब्यातली."

आईनं हात धुतले. डब्यातून पूड घेतली, वाटीत भरली, दाबली, कड पुसली. बटण दाबून ती ओठातल्या ओठात मोजायला लागली. सुरुवातीला काहीच आलं नाही, मग दाट तपकिरी थेंब, मग शेपटीसारखी बारीक धार. एकोणतीसला तिनं बटण बंद केलं. चोथा काढून बशीत पालथा घातला. सपाट वडी. कपावर मधाच्या रंगाचा फेस आला होता.

कॅप्टननी कप घेतला. एक घोट घेतला, दुसरा घेतला, संपवला.

"हं. आता बरोबर आहे," ते म्हणाले. "ठीक आहे भामाबाई, उद्यापासून या कामावर. मागचं आता सोडून द्या."

आता बरोबर आहे! मला वाटलं होतं, निदान खाली बघतील, निदान घसा खाकरतील. माणूस कप बशीत ठेवून मिशी पुसत होता.

मी बोलायला तोंड उघडलं, पण आई आधी बोलली.

"सायेब, मी यीन. पर आदी रविवारच्या चार मानसांना बोलवा. त्येंच्या म्होरं मला चोर म्हनालासा. त्येंच्याच म्होरं सांगा, भामाबाईनं चोरी केली न्हवती, स्क्रू म्या पिळला हुता."

"एवढ्याशा गोष्टीसाठी सभा भरवायची?"

"चोर म्हनताना भरवली हुती की."

कॅप्टनांचे कान लाल झाले. "भामाबाई, मर्यादेत बोला. काम पाहिजे की नको?"

मी स्क्रू ड्रायव्हर उचलला. "ठीक आहे साहेब. मग स्क्रू होता तिथं परत नेऊन ठेवते. साडेपंधरा पाहिजे होतं ना तुम्हाला, साडेपंधरावर करून देते." मी झाकणाला हात घातला. मला ते खरंच करायचं होतं. 

आईनं माझं मनगट धरलं. "नगं. नीट झालेलं बिगडवायचं न्हाई. त्ये काम त्येंचं."

ती कॅप्टनकडं वळली. "काम नगं, सायेब." मग प्रमिलाबाईंना म्हणाली, "येते बाईसायेब. वाटी रोज सोडून धुवा, न्हाईतर बुरशी धरती."

आम्ही निघालो. फाटकाशी प्रमिलाबाई मागून धावत आल्या, आईचा हात धरून नुसत्या उभ्या राहिल्या.  आईनं हात सोडवून घेतला.

पुढच्या रविवारी कॅप्टनांनी पाहुणे बोलावले. हे आम्हाला नंतर राजमती मॅडमकडून कळलं. कॉफी दिली आणि सांगितलं, "व्हॉल्व्ह बिघडला होता, सांगलीहून माणूस बोलावून दुरुस्त करून घेतला." माणूस! चोरीचा विषयच काढला नाही. पाहुण्यांनीही विचारला नाही. तेव्हा प्रमिलाबाई हातातला ट्रे खाली ठेवून म्हणाल्या, "व्हॉल्व्ह यांनी बिघडवला होता. भामाबाईंनी काही घेतलं नव्हतं. दुरुस्त त्यांच्या मुलीनं केला." एवढं बोलून त्या आत गेल्या आणि जेवणाच्या वेळेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

राजमती मॅडमनी दाखल्यावरचा नंबर प्रमिलाबाईंकडून घेऊन दुसऱ्याच दिवशी वर्कशॉपवर फोन केला. अण्णांनी रिसीव्हर माझ्याकडं दिला. वसतिगृहाच्या मेसला मुख्य स्वयंपाकीण पाहिजे होती, भामाबाई येतील का, असं त्या विचारत होत्या. मी म्हटलं, "मॅडम, त्या दिवशी तुम्ही तिथं होता."

 मग त्या म्हणाल्या, "होते. बोलायला पाहिजे होतं. आईंना मी समक्ष तसं सांगेन."

आणि त्यांनी सांगितलं. आई रुजू झाली त्या दिवशी मेसच्या सगळ्या बायकांसमोर त्या म्हणाल्या, की मी गप्प बसले ही माझी चूक होती. शिकलेल्या बाईला ते सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मग कॅप्टनसाहेबांना कशाची अडचण होती?

ते आले एप्रिलमध्ये. सकाळी मेसच्या मागच्या दारात उभे राहिले. आत दीडशे मुलींचा स्वयंपाक चाललेला, दोन मोठे कुकर शिट्ट्या मारत होते, राजमती मॅडम भाजी बघत होत्या. कॅप्टनना पाठवलं होतं प्रमिलाबाईंनी की ते आपणहून आले, ते मला माहीत नाही. आई म्हणते आपणहून. मी म्हणते, घरात दोन महिने कुणी नीट बोलेना म्हणून.

"भामाबाई," ते म्हणाले, "माझं जरा चुकलंच."

"काय म्हनालासा? कुकरात ऐकाय आलं न्हाई," आई म्हणाली. मला सांगताना तिनं शपथ घेतली, की तिला खरंच ऐकू आलं नव्हतं.

कॅप्टनना आवाज चढवून पुन्हा म्हणावं लागलं. पोळ्या लाटणाऱ्या सहा बायकांचे हात थांबले. "तुम्ही चोरी केली नव्हती. स्क्रू मी फिरवला होता. माझं चुकलं."

"बरं," आई म्हणाली. "चहा घ्या. कॉफी न्हाई हितं."

ते चहा न घेता गेले. परत या असं त्यांनी विचारलं नाही आणि तिनंही तो विषय काढला नाही.

'तुम्ही लोक' म्हटल्याबद्दल मात्र ते काहीच बोलले नाहीत. मी आईला विचारलं, ते का नाही मागितलंस? ती पीठ चाळत होती. म्हणाली, "त्ये मागून मिळत न्हाई, माया. त्ये ज्येचं त्येला कळावं लागतं." मला हे पटलं नाही, आजही पटत नाही. मी तिथं असते तर तेही वदवून घेतलं असतं, सगळ्या शिट्ट्या बंद करून.

पण मी तिथं नव्हते. मी सांगलीत माझ्या टेबलावर होते. कडेगावकडच्या एका पंपाचा गेज समोर पडला होता आणि त्याचा मालक दारातून अण्णांना विचारत होता, "पोरगी करती व्हय हे? जमंल का तिला?" अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मी गेज उचलला आणि त्याला म्हटलं, "बसा भाऊ. काटा तुम्हीच वाचा."